गॅस आला, धूर राहिला : कमी धुराची चूल निवडताना

पावसाळा सरून थंडी पडू लागली की बेळगाव-खानापूरच्या बाजूला पहाटे गावावर एक निळसर थर उतरतो. दुरून येणाऱ्याला ते धुके वाटते. वेशीच्या आत आले आणि डोळे चुरचुरू लागले म्हणजे कळते की हे धुके नव्हे. घरोघरच्या न्हाणीच्या चुली पेटल्या आहेत आणि थंड हवेत धुराला वर जायला वाट नाही.

गेल्या हिवाळ्यात या पानासाठी आम्ही ओळखीच्या काही घरी मुद्दाम पहाटेच जाऊन बसलो. प्रत्येक घरी गॅसची शेगडी होती. चहा तिच्यावरच झाला. "आता कुठली चूल? सगळं गॅसवरच करतो आम्ही," असे घरच्या बाईने सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. पण मागच्या पडवीत हंड्याखाली ओला ओंडका धुमसत होता, वासे काजळीने काळे झाले होते, आणि भिंतीच्या कडेला बसलेल्या आजी तो ओंडका आत सारता सारता खोकत होत्या. आम्ही विचारले, "आजी, खोकला कधीपासून आहे?" आजी म्हणाल्या, "खोकला न्हवं हो, धूर लागतोय जरा." हे जरा किती वर्षांचे, ते त्यांनाही सांगता आले नाही.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, आणि आजवर तिच्यातून दहा कोटींहून अधिक घरी गॅसची जोडणी गेली. ही लहान गोष्ट नाही. तरी २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ५९ टक्केच घरांनी आपले स्वयंपाकाचे मुख्य इंधन स्वच्छ असल्याचे सांगितले. 'मुख्य' हा शब्द ध्यानात घ्यावा. आंघोळीचे पाणी, गुरांची आंबोण, तांदूळ उकडण्याचे मोठे भांडे, नाताळच्या दोदोलाची कढई, ही कामे या हिशेबात येत नाहीत. सिलिंडर संपत आला की भाकरीही पुन्हा चुलीवर जाते. जळण रानातले, फुकटचे. सिलिंडरला रोकड मोजावी लागते. तेव्हा "चूल टाकून द्या" असे नुसते सांगून भागत नाही. गॅस आहे तिथे रोजचा स्वयंपाक गॅसवरच करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण ज्यांच्या घरी चूल राहणारच आहे, त्यांनी ती कोणती घ्यावी आणि कोठे मांडावी, हा प्रश्न उरतोच.

आधी धूर म्हणजे काय ते पाहू. लाकूड तापले की त्यातून वायू आणि तेलकट वाफा बाहेर पडतात. ज्योत दिसते ती या वाफांची. ज्योत पुरेशी गरम असली आणि तिला हवा मिळाली तर वाफा पुऱ्या जळतात. ज्योत थंड भांड्याच्या बुडाला टेकली, लाकूड ओले निघाले किंवा चुलीचे तोंड लाकडांनी गच्च भरले, की त्या अर्ध्याच जळून बाहेर पडतात. तोच धूर. म्हणजे धूर हे न जळलेले जळणच आहे. ज्या चुलीत धूर जास्त, तिच्यात सरपण वायाही जास्त जाते.

या धुरातले अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसाच्या अगदी आतपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी : दिवसभराच्या हवेत हे कण सरासरीने घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. आपल्या देशाची २००९ ची मर्यादा ६० आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा कित्येक शेकड्यांवर जातो, कधी हजाराच्याही पुढे. किर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रे बसवून त्यांच्या श्वासातली हवा मोजली, आणि १९८३ साली ते निष्कर्ष छापून आले. तोवर हवेचे प्रदूषण हा कारखान्यांचा आणि शहरांचा विषय समजला जात असे. आयुष्यात कधी विडी ओढली नाही अशा बाईला विडी ओढणाऱ्यासारखा दमा का होतो, याचे एक मोठे कारण त्यानंतर उजेडात येत गेले. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा मोतीबिंदू, जन्मणाऱ्या बाळाचे कमी वजन, यांचाही या धुराशी संबंध दिसला आहे. घरातल्या धुराने जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसे दगावतात, असा २०२० सालाचा अंदाज आहे.

काही देशांत या धुरावर कायद्याचा अंमल आहे. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस दाट धूरधुके साचले आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला, आणि नगरपालिकांना धूरबंदीचे भाग ठरवता येऊ लागले. अशा भागात लाकूड जाळायचे तर चाचणी होऊन मंजूर झालेलीच शेगडी वापरावी लागते. त्या मंजूर शेगड्यांची एक खूण आम्हाला फार बोलकी वाटली. हवेचे झाकण पूर्ण बंद होऊच नये, अशी अडसर त्यांत ठेवलेली असते. कारण तिथले लोकही रात्री हवा कोंडून लाकूड पहाटेपर्यंत धुमसत ठेवत. आपण ओंडका राखेत दडपून ठेवतो तसेच. हवा कोंडली की मंजूर शेगडीही काळा धूर ओकते. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून आणखी एक नियम आला : लहान प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात पाण्याचा अंश २० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. नुसती शेगडी मंजूर करून भागले नाही, लाकूडही तपासावे लागले.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी शहरातील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या आणि भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पण तो धंद्याच्या भट्ट्यांचा प्रश्न. खेड्यातल्या घरच्या चुलीवर कोणी निरीक्षक येत नाही, आणि येऊही नये. तिथे धूरबंदीची हद्द घरच्या माणसांनीच आखायची आहे. आमच्या मते ती अशी असावी : ज्या खोलीत तान्हे मूल, गरोदर बाई किंवा दम्याचे माणूस झोपते-बसते, त्या खोलीत आणि तिला लागून असलेल्या जागेत उघडी चूल नको. ही रेषा एकदा आखली की कोणती चूल कुठे चालेल हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

चुलींचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिली धुराड्याची चूल. ही आपल्याकडे नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून 'मगन चूल' निघाली. १९५० च्या सुमारास हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी मातीच्या बिनधुराच्या चुलीवर काम केले आणि १९५३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात 'अस्त्र ओले' तयार झाली. ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल. सीमाभागातल्या वाचकांना हे सांगायला नकोच. तिच्यात तीन भांडी बसतात, खाली जाळी आणि मागे धुराडे असते. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. आज त्यांतल्या किती चालू आहेत? आपल्या गावातल्या जुन्या घरांत डोकावून पाहावे. पुष्कळदा भिंतीत पाइपाचे भोक तेवढे उरलेले दिसते.

असे का झाले, ते आम्हाला आमच्याच घरी कळले. गवंड्याने पाइप कौलांच्या वर जेमतेम हातभर काढून सोडून दिला. पश्चिमेचा वारा सुटला की धूर कौलांवरून घरंगळून पुन्हा माजघरात येई. दुसऱ्या वर्षी पाइपात काजळी साचली, टोपीवर माकडांनी उड्या मारून ती वाकडी केली, आणि धूर मागे जायच्याऐवजी चुलीच्या तोंडातून येऊ लागला. शेवटी आईने मागचे भोक चिखलाने बुजवून टाकले आणि चूल पूर्वीसारखी वापरायला लागली. तिला दोष कसा द्यावा?

ओडिशातील खेड्यांत धुराड्याच्या चुली दिलेल्या घरांचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा करून रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी २०१६ साली जे लिहिले ते याहून वेगळे नाही. पहिल्या वर्षी धूर कमी लागला. पुढे चुलींची दुरुस्ती झाली नाही, वापर घटला, आणि फायदा नाहीसा झाला. उलट ग्वाटेमालात २००२ ते २००४ या काळात धुराड्याच्या पक्क्या चुली दिल्या आणि त्या नीट चालू राहतील याकडे लक्ष पुरवले, तेव्हा मुलांचा साधा न्यूमोनिया फारसा हटला नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला.

तेव्हा धुराड्याची चूल घरात बांधायची असेल तर पाइप चार इंची असावा, कौलांच्या सगळ्यात उंच रेषेच्या वर दोन फूट जावा, त्यावर पावसाची टोपी असावी आणि खालच्या वळणावर हात घालून काजळी काढता येईल असे झाकणाचे भोक ठेवावे. महिन्यातून एकदा काजळी काढावी. हे काम कोणी करायचे ते चूल बांधण्याआधीच घरात ठरवावे. शिडीवर चढणे हे पुरुषाचे काम, आणि धूर लागतो बाईला. म्हणून ते राहून जाते. आणखी एक : धुराडे धूर घराबाहेर नेते, तो नाहीसा करत नाही. घरे दाटीने असतील तर आपला धूर शेजारच्या खिडकीत जातो, आणि त्यांचा आपल्या.

दुसरा प्रकार तयार मिळणाऱ्या लोखंडी चुलीचा. आत विटेचा किंवा मातीचा, नाही तर जाड अस्तराचा नळा असतो, लाकूड खालून आडवे घालायचे, हवा आपोआप वर ओढली जाते. नळा तापला की ज्योतीला आतच जळायला उंची मिळते, आणि भांड्याला टेकण्याआधी ती बरीचशी पुरी जळते. जळण चांगले वाचते. पण हिला धुराडे नसते. पेटवताना आणि विझताना येणारा धूर जागच्या जागी राहतो. तेव्हा ही चूल पडवीत, तिन्ही बाजूंनी वारा खेळेल तिथे मांडावी. आतल्या खोलीत, वर आखलेल्या रेषेच्या आत, ती नको.

तिसरी पंख्याची चूल. खाली लहान पंखा, तो बॅटरीवर किंवा विजेवर चालतो आणि वरून ज्योतीत हवा सोडतो. पेटली की गॅससारखी जळते, धूर जवळजवळ दिसत नाही. तिन्हींत स्वच्छ हीच. पण तिला बोटाएवढे तुकडे किंवा दाबलेल्या भुशाच्या कांड्या लागतात. लांब ओंडका चालत नाही. आम्ही एक घेतली होती. दोन पावसाळे उत्तम चालली. मग बॅटरी गेली, विकणारा तालुक्यातून दुकान बंद करून गेलेला. सध्या तिच्या डब्यात सुक्या मिरच्या आहेत. अशा चुली घरोघर खपल्या, मग कांड्यांचा भाव वाढला, आणि गिऱ्हाइके परत जुन्या चुलीकडे गेली, असेही घडले आहे. घेण्याआधी बॅटरी कोठे मिळते, तिची किंमत काय, आणि आपल्याच रानातले जळण बारीक करून तिच्यात चालते का, एवढे विचारून घ्यावे.

मग निवड कशी करावी? लोखंडी चूल घेताना तिच्यावर आयएस १३१५२ हा मानकाचा आकडा आहे का ते पाहावे. २०१३ च्या या मानकाप्रमाणे बिनपंख्याच्या चुलीने जळणातली निदान २५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे आणि पंख्याच्या चुलीने ३५ टक्के. आपली साधी उघडी चूल १० ते १५ टक्क्यांच्या आसपास देते. धुराच्या कणांनाही मर्यादा आहे. साधारण तीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता भांड्याला पोचताना बिनपंख्याच्या चुलीने ३५० मिलिग्रॅमहून आणि पंख्याच्या चुलीने १५० मिलिग्रॅमहून जास्त कण सोडू नयेत. म्हणजे मानकाची खूण असलेल्या दोन चुलींतही धुराचा दुपटीहून अधिक फरक असू शकतो. नुसते 'धूरविरहित' असे रंगवून लिहिलेले असेल तर त्यावर जाऊ नये.

शिवाय ही परीक्षा प्रयोगशाळेत, सुक्या आणि एकसारख्या कापलेल्या लाकडावर होते. आपल्या घरी ओली काजूची फांदी असते. म्हणून आम्ही तर म्हणू की दुकानात जाताना आपले भांडे आणि आपलेच दोन किलो जळण बरोबर न्यावे. विक्रेता थोडा कुरकुर करील, करू द्यावी. पाच लिटर पाणी ठेवून ते उकळायला किती जळण लागले ते पाहावे. पाच-सहा मिनिटांत धूर थांबून स्वच्छ ज्योत आली पाहिजे. शेवटी भांड्याचे बूड पाहावे; दाट, तेलकट काजळी धरली असेल तर वाफा न जळताच जात आहेत असे समजावे.

स्वयंपाक करणारीलाच चूल निवडू द्यावी. पुरुषांनी तालुक्याहून आणलेल्या कित्येक चुली माळ्यावर गेल्या, त्याचे कारण धूर नव्हते. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यापुढे उभी करावी लागते, तेव्हा ती फुगते. नळ्याच्या चुलीला असे तोंडच नसते. पिठले घोटताना चूल हलता कामा नये. वैलावर एकीकडे आमटी निवत ठेवता आली पाहिजे. ज्या चुलीवर हे जमत नाही ती कितीही कमी धुराची असली तरी शेजारी जुनी चूल पेटतेच, आणि मग धूर होता तेवढाच. मलावीत दहा हजारांवर मुलांच्या घरी पंख्याच्या चुली देऊन पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मुलांच्या न्यूमोनियात फरक आढळला नाही. चूल चांगली असून काय उपयोग, आसपासचा बाकीचा धूर तसाच राहिला तर, अशी शंका तिथे घेतली गेली. ही गोष्ट चूल विकणारा कधी सांगणार नाही.

आता जळणाकडे येऊ, कारण आमच्या मते चुलीपेक्षा येथे जास्त हाती लागण्यासारखे आहे, आणि तेही पैशावाचून. ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ अर्धे वजन पाण्याचे असते. ते पाणी उडेपर्यंत ज्योत तापतच नाही. लाकूड हिवाळ्याच्या आरंभी तोडून लगेच फोडावे. न फोडलेला ओंडका सालीच्या आत वर्षभर ओला राहतो. मनगटाएवढ्या ढलप्या, आणि नळ्याच्या चुलीसाठी अंगठ्याएवढ्या. दगडांवर आडवे वासे टाकून त्यावर रचावे, वरून पत्रा, बाजू मोकळ्या. प्लास्टिकच्या कागदात चहूबाजूंनी गुंडाळलेली रास आतून घामेजते. वाळले की नाही ते कसे ओळखावे? एक ढलपी खूण करून ठेवावी आणि दर आठवड्याला काट्यावर तोलावी. वजन घटायचे थांबले की लाकूड तयार झाले. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर टणटण वाजतात, ओल्या बदबद वाजतात. खानापूरच्या पश्चिमेकडे आणि घाटाखाली गोव्यात जूनपासून चार महिने काही वाळत नाही, तेव्हा पावसाळ्याचे जळण मे महिन्याच्या मध्यापूर्वी आत आलेच पाहिजे.

करवंट्या चांगल्या जळतात, पण ओली सोडणे नुसती धुमसतात. काजूची टरफले चुलीत घालू नयेत. त्यांतल्या तेलाचा धूर घशाला आणि डोळ्यांना जाळतो. पेटवणासाठी प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा घालण्याची जी सवय पडली आहे ती तर आजच मोडावी. पाचट, काटक्या, नारळाच्या सुक्या झावळीचे पान, यांनी तितकेच लवकर पेटते.

न्हाणीच्या चुलीचा हिशेब आम्ही एकदा कागदावर मांडला. पाच माणसांना प्रत्येकी वीस लिटर कोमट पाणी धरले, म्हणजे शंभर लिटर. उघड्या चुलीवर त्याला रोज सुमारे तीन किलो सुके लाकूड लागते. वर्षाला एक टनाहून जास्त, आणि ओले असेल तर त्याहूनही पुष्कळ. घरातला सगळ्यात मोठा धूर हाच, आणि विचार सगळ्यात कमी याचाच. येथे जुना तांब्याचा बंब पुष्कळ बरा. त्याच्या मधोमध नळी, भोवती पाणी, म्हणून उष्णता वाया कमी जाते, आणि ज्योतीला वर ओढ मिळते. जाळी वरचेवर साफ करावी आणि बंब उघड्या जागेवर ठेवावा. ओंडका घालून निघून जाण्याची पद्धत सोडून, थोड्या बारीक ढलप्यांचा जोराचा जाळ करून वीस-पंचवीस मिनिटांत काम संपवावे. ज्यांना ऐपत आहे त्यांनी छपरावर शंभर लिटरचा सौर बंब बसवावा. पावसाळ्याचे दिवस सोडले तर न्हाणीची चूल पेटवायची वेळच फारशी येत नाही.

येथे दोन धोके सांगणे भाग आहे. पहिला कोळशाच्या शेगडीचा. थंडीत बाळंतिणीच्या खोलीत दारे लावून निखाऱ्याची शेगडी ठेवतात. निखाऱ्याला धूर दिसत नाही म्हणून ती निर्धोक वाटते. पण निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि माणूस उठतच नाही. शेकायचे तर शेगडी बाहेर फुलवून, दार-खिडकी उघडी ठेवून, आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर नेऊन ठेवून.

दुसरा धोका नव्या घरांतला. धूर नको म्हणून लोक न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवतात, आणि तोच वायू तिथे लहान बंद खोलीत साचतो. दरवर्षी अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. गॅसचा गीझर न्हाणीच्या आत बसवू नये. तो बाहेरच्या भिंतीवर, उघड्या हवेत असावा आणि आत फक्त पाण्याची नळी यावी. बसवणारा "काही होत नाही" म्हणाला तरी ऐकू नये. आंघोळ करताना डोके जड झाले तर लगेच दार उघडून बाहेर यावे.

त्या आजींच्या घरी आम्ही उन्हाळ्यात पुन्हा गेलो होतो. नवी चूल घेतलेली नव्हती. त्यांच्या नातवाने पडवीतली न्हाणीची चूल उचलून परसात पेरूच्या झाडापलीकडे नेली होती, वर चार पत्रे टाकले होते, आणि जुना बंब माळ्यावरून काढून कल्हई करून आणला होता. ढलप्या दगडांवर रचलेल्या होत्या. पहाटे बंब आता तो स्वतः पेटवतो. आजींचा खोकला गेला का, हे आम्ही विचारले. "गेला न्हाई," त्या म्हणाल्या, "पण रात्री उठून बसावं लागत न्हाई."